लोकरीविना शाल : सुताच्या जाळीचा इतिहास आणि आपला हिशोब



गटाच्या बैठकीत विणकामाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "शाल विणायची तर लोकर लागंल ना?" त्याच्यामागून दुसरा येतो, "अन् आपल्याकडं लोकरीची शाल घालतं कोण?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे थंडी जेमतेम दोन महिने. घाटावर बुलडाणा, चिखलीत थोडी जास्त. बाकी वर्षभर अंगावर लोकर नकोशीच वाटते.

पण शाल म्हणजे लोकरच, हे कुणी ठरवलं? आज मला सुताच्या जाळीदार शालीचा इतिहास सांगायचा आहे. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती शेवटी आपल्या गटाच्या वहीपर्यंत येते. म्हणून जरा निवांत ऐका.

आधी एक साधी गोष्ट. बाजारात आपण "लोकर" म्हणून जो गुंडा आणतो, त्यात मेंढीचा एक केसही नसतो, असं पुष्कळदा होतं. ते ॲक्रिलिक असतं, म्हणजे कारखान्यात तयार झालेला प्लास्टिकच्या जातीचा धागा. हा धागा जगाच्या बाजारात आला तो १९५० च्या सुमारास. स्वस्त, रंगीत, कसर न लागणारा, म्हणून घरोघरी पोचला आणि आपण त्यालाच लोकर म्हणू लागलो. खरी लोकर आपल्याला माहीत आहे ती धनगरांच्या घोंगडीतली, जाडीभरडी आणि पाऊस झेलणारी. घोंगडी फार गुणाची, पण तिच्या लोकरीतून नाजूक जाळी निघत नाही.

धागा ओळखायची युक्ती सांगते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, मात्र अंगणात आणि जवळ पाणी ठेवून. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर. कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सूत. वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. हा मणी नीट लक्षात ठेवा. चुलीपाशी, गॅसपाशी वावरणाऱ्या बाईच्या अंगावर ॲक्रिलिकची शाल पेटली, तर ती वितळून कातडीला चिकटते. सूतही पेटतं, म्हणून विस्तवापाशी कुठल्याही शालीचा पदर आवरूनच ठेवावा. पण सूत वितळून अंगाला चिकटत नाही.

आता इतिहासाकडे वळू. दोन सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जगात जे सर्वांत जुने नमुने टिकून राहिले, ते इजिप्तमधले आहेत, साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे. बरेचसे पायमोजे आहेत, पांढऱ्या आणि निळीत रंगवलेल्या धाग्याचे, आणि ते सुताचे आहेत. म्हणजे विणकामाच्या पहिल्या ओळखीच्या पानावरच कापूस आहे. त्याच काळात गुजरातचं छापील सुती कापड जहाजांनी इजिप्तला जात होतं. त्याचे तुकडे तिथल्या जुन्या फुस्तात शहराच्या मातीत सापडले. तेव्हा सुताची शाल म्हणजे "लोकर मिळाली नाही म्हणून केलेली सोय", असं समजायचं कारण नाही.

मग शालीचं नाव लोकरीशी का बांधलं गेलं? एक कारण काश्मीरची पश्मिना, ती मागावर विणलेली. दुसरं कारण ब्रिटनच्या अगदी उत्तर टोकाची शेटलंड बेटं. तिथल्या बायका घरच्या मेंढ्यांची लोकर इतकी बारीक कातत, की अख्खी शाल अंगठीतून आरपार जाई. १८४० च्या आसपास अशा जाळीदार शालींची लंडनमध्ये हौस वाढली. राणी व्हिक्टोरियानेही शेटलंडचं विणकाम वापरलं, मग तर मागणी आणखी वाढली.

जाळी होते कशी, हे आपल्यातल्या विणणाऱ्यांना ठाऊक आहेच. धागा सुईवरून एकदा जास्त घ्यायचा, की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. मग शेजारी दोनाचा एक टाका करायचा, की मोजणी पूर्ववत होते. जितकी भोकं, तितक्या जोडण्या. शेटलंडच्या शालीत असे हजारो टाके असतात आणि एक चुकला तरी नक्षी सरकते.

आता ही शाल विणणाऱ्या बाईला मिळायचं काय? दुकानदार शाल घ्यायचा आणि बदल्यात चहा, कापड असा दुकानातला माल द्यायचा. रोख पैसे मागितले तर नाही म्हणायचा. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी, अशी गत. मग ती बाई तो चहा शेजारीपाजारी देऊन त्याच्या बदल्यात धान्य मिळवायची. याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की १८७२ मध्ये सरकारी चौकशी बसली आणि विणणाऱ्या बायकांनी स्वतः साक्षी दिल्या. मेंढी घरची, कातणं घरचं, विणणं घरचं, पण हिशोब दुकानदाराच्या वहीत. म्हणून किंमतही त्याचीच.

सुताच्या धाग्याची गोष्ट वेगळ्या गावातून सुरू होते, पण तिथेही शाल आहेच. स्कॉटलंडमध्ये पेस्ली नावाचं गाव आहे. काश्मिरी शालींची नक्कल मागावर करून हे गाव मोठं झालं. आपल्या साडीच्या काठावर, मेंदीत, रांगोळीत जी कोयरी असते, तिला इंग्रजीत आजही पेस्ली म्हणतात. त्या मागांच्या जोडणीला रेशमी दोरा लागे. फ्रान्सच्या नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे रेशीम मिळेना, तेव्हा गावातल्या क्लार्क घराण्याने रेशमासारखा गुळगुळीत सुती दोरा तयार केला. पुढे जेम्स कोट्स यांनी तिथेच १८२६ मध्ये दोऱ्याची गिरणी काढली. शिवणाच्या आणि क्रोशाच्या रिळांवर आपण जे कोट्स नाव वाचतो, ते तिथलं. मग १८४४ मध्ये जॉन मर्सर यांनी सुताला तीव्र क्षारात बुडवून बघितलं. सूत मजबूत झालं आणि रंगही चांगला धरू लागलं. पुढे हीच क्रिया धागा ताणून धरून केली, तेव्हा त्याला रेशमासारखी चकाकी आली. दुकानात "मर्सराइज्ड" म्हणून मिळतो तो हाच दोरा.

असा पक्का, बारीक आणि स्वस्त दोरा मिळू लागल्यावर सुताची जाळी गरिबाच्या घरात आली. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मठातल्या जोगिणींनी मुलींना एका हुकावरची सुती जाळी शिकवली, म्हणजे आपला क्रोशा. त्या कमाईवर कितीतरी घरं तगली. हुक एक, दोऱ्याचं रीळ एक, भांडवल एवढंच.

त्याच काळात हे काम आपल्या देशातही आलं. आंध्रात गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या नरसापूर आणि पालकोल्लू भागात स्कॉटलंडच्या मिशनरी बायकांनी १८४४ च्या सुमारास गरीब ख्रिस्ती बायकांना सुती लेस शिकवली. या बायका बहुतेक दलित कुटुंबांतल्या होत्या. पुढे शेतकरी कापू समाजाच्या बायकाही हे काम करू लागल्या, कारण ते उंबऱ्याच्या आत बसून करता येई. शतक उलटलं, तशी ही लेस परदेशात जाऊ लागली. टेबलावरचे रुमाल, चादरी, शाली, सगळं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी नरसापुरात राहून या कामाचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांना आढळलं ते असं. लाखाच्या वर बायका हे काम करत होत्या, रोज सहा ते आठ तास, घरकाम सांभाळून. मिळकत पडायची ती शेतमजुरीच्या ठरलेल्या किमान दरापेक्षाही खूप कमी. कुणी फक्त फुलं करायची, कुणी काठ, कुणी जोडकाम. अख्खी वस्तू एका बाईच्या हातून होतच नसे, त्यामुळे ती कितीला विकली जाते हे तिला कळायला वाटच नव्हती. दोरा मध्यस्थ आणून देई, झालेलं काम तोच घेऊन जाई. पैसा वाढला तसे व्यापारात पुरुष आले. बायका होत्या तिथेच राहिल्या.

मीसबाईंनी कारणही नेमकं सांगितलं. या बायकांना सगळे "घरात बसणाऱ्या" म्हणत. नवरे म्हणत, व्यापारी म्हणत, आणि जनगणनेच्या कागदावरही त्या काम न करणाऱ्यांत मोडत. लेस करतात ती रिकाम्या वेळात. रिकाम्या वेळाला मजुरी कसली? सात-आठ तासांच्या कामाला "रिकामा वेळ" हे नाव पडलं, की दर पाडायला वेगळं काही करावं लागत नाही.

अलीकडे नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यातून दर बाईच्या हातात पोचावा, एवढीच इच्छा.

आता आपल्या घरात डोकवा. आपल्या आयांच्या रुखवतात काय काय मांडलेलं असायचं? क्रोशाचे रुमाल, ताटावरची झाकणं, दारावरचं तोरण. पुढे टीव्ही आला तर त्याच्यावरही क्रोशाचा रुमाल आला. हे सगळं सुताचं होतं आणि तेही जाळीचंच. पाहुण्यांनी "पोरीच्या हातात कला आहे" म्हणायचं आणि विषय संपायचा. त्या रुमालांना किती रात्री लागल्या, हे कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही.

आणि ते सूत ज्या कापसाचं, तो कापूस कुठला? आपला जिल्हा वऱ्हाडातला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. मलकापूर, नांदुरा, शेगाव करत रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा खास कापसासाठी टाकला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात उमरावती, म्हणजे अमरावतीच्या नावावरून "उमरा" म्हणून विकला जाई.

जाताना गाठी गेल्या आणि त्याच रेल्वेने येताना मँचेस्टरचं कापड आलं, विलायती सूत आलं. घरोघरी कातणाऱ्या बायकांचा चरखा माळ्यावर गेला. त्या काळच्या आपल्या देशी कापसाचा धागा आखूड होता, त्यातून फार बारीक सूत निघत नसे, हेही खरं. पण आज आपल्या वावरातल्या संकरित कपाशीचा धागा बराच लांब आहे. त्यातून शालीला लागेल असं चांगलं सूत निघतं. तरीही चाल तीच राहिली. आपण बोंडं वेचतो किलोच्या भावाने आणि क्रोशाचं रीळ आणतो ग्रॅमच्या भावाने. मधली सगळी कमाई वाटेत कुठेतरी राहते.

हा हिशोब उलटा करायचा एक मोठा प्रयत्न आपल्याच विदर्भात, वर्ध्याला झाला. अखिल भारतीय चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला होता. खादीचं काम वाढलं, पण कातणाऱ्या बाईला दिवसाचे पैसे फारच थोडे मिळत. खादी स्वस्त राहावी म्हणून मजुरी कमी ठेवलेली. १९३५ मध्ये गांधीजींनी हे चालणार नाही असं धरलं. आठ तास नीट कातणाऱ्याला आठ आणे मिळायला हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढं एकदम झेपणार नाही, म्हणून प्रत्यक्षात सुरुवात झाली ती तीन आण्यांपासून. विनोबांनी तर वर्ध्याजवळ नालवाडीत स्वतः रोज तासन्‌तास कातून, त्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे करून बघितलं. खादी महागली, तक्रारीही झाल्या. पण एक गोष्ट पक्की झाली. सुताचा भाव ठरवताना आधी कातणाऱ्याचे तास मोजायचे आणि मग कापडाची किंमत लावायची.

तायांनो, शेटलंड, नरसापूर आणि वर्धा या तिन्ही ठिकाणी हात बाईचेच होते. फरक पडला तो तास कुणी मोजले आणि वही कुणाकडे होती यावर. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरात बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरचं काम हेही कामच आहे, त्याला इतर मजुरांसारखी वागणूक हवी, असं त्यात मान्य केलं आहे. भारताने त्यावर अजून सही केलेली नाही. तोवर आपली वही आपणच लिहायची.

म्हणून शाल विणायला घेण्याआधी दोन गोष्टी सांगते, एक सुताची आणि एक वहीची.

सूत लोकरीसारखं वागत नाही. लोकर ताणली की परत आखडते, सूत ताणलं की ताणलेलंच राहतं. शिवाय ते जड असतं, त्यामुळे मोठी शाल स्वतःच्या वजनाने खाली लोंबते. म्हणून दोरा बारीक घ्या आणि जाळी फार मोकळी ठेवू नका. आधी वीतभर चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा. त्यावरून टाके ठरवा. मर्सराइज्ड दोरा लोखंडी सुईवरून निसटतो, बांबूच्या सुईवर बरा बसतो. टाके बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर काठ आवळतो. दोऱ्याची टोकं सुतात निसटून बाहेर येतात, ती सुईने उलटसुलट दोनदा आत घ्या. शाल धुतली की सपाट पसरून, टाचण्या लावून वाळवा, तेव्हाच नक्षी उघडते. सुताला हे प्रत्येक धुण्यानंतर करावं लागतं. हवी तर हलकी खळ द्या. एवढं केलं, की उन्हाळ्यात लग्नाला, प्रवासात, एसीच्या गाडीत खांद्यावर घ्यायला याच्यासारखी शाल नाही. लोकर अंगाला टोचणारे, लोकरीची ॲलर्जी असलेले, प्राण्यांपासून मिळणारी वस्तू न वापरणारे, असं गिऱ्हाईक शहरात आहे. त्यांना सांगताना "लोकर नव्हती म्हणून सूत वापरलं" असं सांगू नका. "ही सुताची शाल आहे, वऱ्हाड कापसाचं आहे," असं सांगा.

आता वही. समजा एका शालीला ३०० रुपयांचा दोरा लागला. बाजारात न्यायला भाडं आणि पिशवी मिळून १२० रुपये गेले. शाल १५०० ला विकली. आपण म्हणतो, "हजारावर सुटले, चांगलंच झालं." पण तिला लागले ६० तास. हातात उरलेल्या १०८० रुपयांना ६० ने भागा. तासाला १८ रुपये पडले. आठ तासांचा दिवस धरला तर १४४ रुपये. तुमच्या गावात खुरपणीचा रोज काय आहे, तो याच्याशेजारी लिहा. मग सांगा, शाल स्वस्त विकली की महाग?

तास मोजायचे कसे? आपलं विणणं सलग होत नाही. भाजी शिजेपर्यंत चार ओळी, नळाला पाणी येईपर्यंत दोन. त्यासाठी घड्याळाची वही नको असेल तर एक डबी घ्या. अर्धा तास विणलं की एक सरकी डबीत टाका. शाल पुरी झाली की सरक्या मोजा आणि निम्म्या करा, तेवढे तास. लिहिता न येणाऱ्या मावशींनाही हे जमतं. बैठकीत सगळ्यांनी डब्या आणायच्या आणि सचिवताईने प्रत्येकीच्या नावापुढे पाच गोष्टी लिहायच्या: दोऱ्याची किंमत, इतर खर्च, तास, विक्रीची किंमत आणि शाल कुणी घेतली. बचतीची वही आपण वर्षानुवर्षं चोख ठेवतोच. तिच्यात एवढी पाच घरं वाढवणं जड नाही.

कुणी बाहेरून दोरा आणून देतो, नग मागे पैसे देतो म्हणाला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. एक नग सगळ्यांसमोर विणा, सरक्या मोजा, तासाचा दर काढा आणि मग बोलणी करा. आणि शाल तुकड्यांत वाटून घेतली, कुणी काठ, कुणी पदर, तरी अख्खी शाल कितीला गेली हे प्रत्येकीला कळलंच पाहिजे.

पहिल्या वर्षी दर कमीच येईल. वर्ध्यालाही आठ आण्यांच्या ठिकाणी सुरुवात तीन आण्यांपासून झाली होती. पण आपण कितीवर आहोत आणि किती हवेत, हे दोन्ही आकडे आपल्या वहीत असले, की पुढच्या बोलणीत कुणी "रिकाम्या वेळात तर करता" म्हणालं, तर त्याच्यासमोर डबी ठेवता येते.

येत्या बैठकीला येताना घरातला क्रोशाचा एखादा जुना रुमाल घेऊन या, आईचा, सासूचा, जो असेल तो. त्याला किती तास लागले असतील, ते सगळ्या मिळून मोजू.